शस्त्र, झडती आणि पाळत: कायद्यातल्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. माझ्या टेबलाशी येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एफआयआरची झेरॉक्स असते आणि कलमांच्या ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ मारलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, याचा अर्थ काय?” त्या रेघेखालचे शब्द पेपरात आणि टीव्हीवर रोज वापरले जातात, पण कायद्यातला त्यांचा अर्थ कलमागणिक बदलतो. लोकांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे इथे एकत्र केली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. या कायद्यांचे खाली दिलेले कलम क्रमांक नवे आहेत.

कायद्याच्या भाषेत ‘शस्त्र’ म्हणजे काय?

त्यासाठी आधी कुठला कायदा ते पाहावे लागते. महाराष्ट्रात तीन कायदे तीन निरनिराळ्या कसोट्या लावतात.

पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. हा अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. हल्ला किंवा बचाव यासाठी हत्यार म्हणून जी वस्तू बनवली आहे, किंवा बदल करून तशी केली आहे, ती त्याच्या दृष्टीने शस्त्र. त्यात बंदुका आल्या, धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारे आली, सुटे भाग आले, शस्त्रे बनवायची यंत्रेही आली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातकाठी आणि ज्याचे कधीच खरे हत्यार होऊ शकत नाही असे खेळणे याच व्याख्येतून वगळले आहे.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघाला की वस्तू कशासाठी बनवली हे मागे पडते. तिने शारीरिक इजा करता येते का, एवढेच बघतात. मग लाठी आली, चाकू आला, गोळा करून ठेवलेले दगडही आले.

तिसरी भारतीय न्याय संहिता. तिचे कलम ११८ घातक हत्याराने दुखापत करण्याबद्दल आहे. गोळी झाडायचे, भोसकायचे किंवा कापायचे साधन, किंवा हल्ल्यासाठी वापरले तर जीव जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू त्यात मोडते. भाजीची सुरी ओट्यावर असेपर्यंत सुरीच असते. कुणावर चालवली की ती या कलमात येते. दगडाचेही तसेच: त्याचा आकार, तो कसा मारला आणि कुठे लागला यावर न्यायालय ठरवते.

म्हणून “माझ्याकडे सापडलं ते शस्त्र आहे का?” असे कुणी विचारले की मी आधी कलम विचारते.

कोयता हे शस्त्र की अवजार?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर फारच.

ऊसतोडीत कोयता हा माणसे मोजायचाही शब्द आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराच्या बोचक्यांबरोबर कोयते असतातच. या कोयत्याला शस्त्र अधिनियमाची व्याख्या स्वतःहून बाहेर ठेवते, कारण तो केवळ शेतीसाठी बनवलेला आहे.

गोंधळ मापाने होतो. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे नोंदली आहेत, आणि कोयता या मापात सहज बसतो. पण त्याच ओळीत पुढे घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती सोडून दिली आहेत. पोलीस पट्टी लावतात ती पहिल्या अर्ध्यासाठी. दुसरा अर्धा वाचून दाखवायचे काम वकिलाचे.

एका तरुणाची केस सांगते. संध्याकाळी फडावरून मोटरसायकलने परत येताना नाकाबंदीत त्याला धरले. कोयता गोणपाटात गुंडाळून मागे बांधलेला होता. गुन्हा लागला नेहमीच्या जोडीचा: शस्त्र अधिनियम ४, २५ आणि पोलीस अधिनियम ३७(१), १३५. पंचनाम्यासोबत एक कोरा कागद होता. त्यावर कोयता आडवा ठेवून पेनाने त्याच्या कडेकडेने आकार काढलेला, बाजूला मापे लिहिलेली: मुठीसह १६ इंच, पाते ११ इंच, मधली रुंदी अडीच इंच. खाली दोन पंचांच्या सह्या. आणि पंचनाम्यात एक ओळ होती, “पात्यास काळपट चिकट डाग.” लिहिणाऱ्याने ती संशयाने लिहिली असावी. पण तो उसाचा वाळलेला रस होता आणि पुढे तीच ओळ आमच्या कामी आली. कारखान्याच्या काट्याची त्या दिवसाची पावती आणि मुकादमाची नोंदवही आम्ही जोडली. त्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती, “वकीलबाई, ह्या कोयत्यावर आमचं घर चालतंय हो.” तो सुटला. मधल्या काळातली हंगामाची मजुरी मात्र गेली ती गेलीच.

उलट बाजूही सांगायला हवी. मूठ कापून आखूड केलेला, शर्टात लपेल असा घडवून घेतलेला आणि शेताशी काही संबंध नसलेल्या मुलाच्या कमरेला रात्री अकराला सापडलेला कोयता ‘बदल करून हत्यार केलेली वस्तू’ ठरू शकतो. अशा वेळी अवजार म्हणून केलेला बचाव न्यायाधीशांना पटत नाही, आणि पटू नये असे माझेही मत आहे.

४/२५ च्या गुन्ह्यात वकील सगळ्यांत आधी काय बघतो?

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ ची अधिसूचना. बंदुकीसाठी परवाना सगळीकडेच लागतो, तो कलम ३ मुळे. तलवार, सुरा अशा बिगर-बंदुकीच्या शस्त्रांसाठी कलम ४ आहे आणि ते लागू व्हायला त्या भागासाठी, त्या प्रकारच्या शस्त्रांसाठी केंद्र सरकारची अधिसूचना असावी लागते. ती दोषारोपपत्रासोबत जोडली आहे का, हे मी पहिल्याच तारखेला बघते. गुन्हा शाबित झाला तर शिक्षा १ ते ३ वर्षे. कलम ३ च्या, म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्यात आणखी एक कागद लागतो: खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी. ती कलम ३९ मध्ये सांगितली आहे.

‘३७(१)(३) लागू आहे’ म्हणजे काय?

पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी शांततेसाठी काढतात तो मनाई आदेश. पोटकलम (१) वस्तूंबद्दल आणि वर्तनाबद्दल आहे: हत्यारे, काठ्या, स्फोटके, दगड बाळगणे, प्रक्षोभक घोषणा, पुतळ्यांचे प्रदर्शन. पोटकलम (३) जमाव आणि मिरवणुकीबद्दल. सणवार, निवडणुका, आंदोलने असली की हे आदेश साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे निघत राहतात. पोटकलम (१) चा आदेश मोडला तर कलम १३५ खाली एरवी किमान ४ महिने आणि कमाल १ वर्ष कैद, शिवाय दंड.

आदेश जाहीरपणे प्रसिद्ध व्हावा लागतो. त्याची प्रत, तारीख आणि हद्द या तिन्ही गोष्टी बघाव्यात. मुदत काल संपलेल्या आदेशावर आज गुन्हा उभा राहत नाही. आणि हा कायदा महाराष्ट्राचा आहे. गोव्यात असे आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, म्हणजे जुन्या १४४ खाली.

घरात भिंतीवर तलवार लावली तर? दसऱ्याला शस्त्रपूजा केली तर?

धार नसलेली, शोभेची म्हणून बनवलेली तलवार आणि खरी तलवार यांत कायदा फरक करतो. पण तो फरक जप्तीनंतर कोर्टात सिद्ध करत बसावा लागतो, हे लक्षात ठेवा. ऑनलाइन मागवलेल्या ‘डेकोरेटिव्ह’ तलवारीचे बिल जपून ठेवा. पिढीजात, वापरात येऊच न शकणाऱ्या जुन्या बंदुकीसाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे: जुनाट बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके असे हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही.

घरच्या देव्हाऱ्यापुढे खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ पुजणे हा गुन्हा नाही. विनापरवाना पिस्तूल पाटावर मांडून फोटो टाकणे हा गुन्हा आहे, आणि पोलिसांना तो फोटो घरबसल्या सापडतो.

वाढदिवसाला चौकात तलवारीने केक कापणाऱ्या पोरांच्या आयांना मी कळकळीने सांगते, मुलाला समजवा. त्या व्हिडिओत तारीख, जागा, चेहरा आणि हत्यार असा सगळा पुरावा त्याने स्वतःच दिलेला असतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे तर २०१९ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हाच आहे. परवान्याची बंदूक असली तरी, इतरांचा जीव धोक्यात येईल अशा रीतीने आनंदापोटी झाडलेल्या गोळीला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कृपाणाचे काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ खालच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे आणि बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचाच भाग मानला आहे. नांदेडला राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

एअरगन, छऱ्याची बंदूक, खेळण्यातले पिस्तूल?

०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत शक्तीची एअरगन विनापरवाना घेता येते. त्यापुढे परवाना लागतो. खेळण्यातले पिस्तूल दाखवून कुणाला लुटले तर शस्त्र अधिनियम लागेल न लागेल, धमकावणे आणि लुटणे हे गुन्हे पूर्णच होतात.

बंदुकीचा परवाना असला की सगळे झाले का?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे बाळगल्याच्या गुन्ह्याला साधारण २ ते ५ वर्षे आहेत. चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात अशी शस्त्रे मात्र ‘मनाई असलेली शस्त्रे’ या व्याख्येत जातात. तिथे शिक्षा ७ ते १४ वर्षे.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात पीकसंरक्षणाची बंदूक असणारे शेतकरी दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करण्याबद्दल विचारतात. माकडे आणि रानडुकरे आचारसंहितेसाठी थांबत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे की सरसकट सगळ्यांना जमा करायला लावू नका, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा. म्हणून नोटीस आली की सूट मागणारा लेखी अर्ज द्या आणि त्यावर आवक शिक्का घ्या.

बॅगेत काडतूस सापडले, पण ते आहे हे मला माहीतच नव्हते. मी दोषी का?

‘ताबा’ या शब्दाचा अर्थ इथे कामाला येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात, आणि १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने म्हटले की ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे. वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला माहीत हवे. उलट, वस्तू खिशात नसली आणि दुसऱ्याकडे ठेवायला दिली, पण तिच्यावर हुकमत आपली, तर ताबा आपलाच. विमानतळावर जुन्या बॅगेच्या अस्तरात एकच काडतूस सापडले, जवळ बंदूक नाही, काही हेतू नाही, अशा कित्येक प्रकरणांत उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केले आहेत. पण त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. त्यापेक्षा प्रवासाआधी वडिलांची किंवा भावाची बॅग झटकून बघणे सोपे.

‘झडती’ची व्याख्या कायद्यात आहे का?

‘तपास’ आणि ‘चौकशी’ यांच्या व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. झडतीची नाही. ती कशी घ्यायची, एवढेच सांगितले आहे. ‘पंचनामा’ हा आपल्या सगळ्यांच्या तोंडातला शब्द तर संहितेच्या झडतीच्या कलमांत सापडणारच नाही. तिथे आहे जप्त वस्तूंची यादी आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या. घरझडती म्हणजे जागेची, अंगझडती म्हणजे देहाची आणि अंगावरच्या कपड्यांची, जप्ती म्हणजे वस्तू ताब्यात घेणे. या तिन्हींची कलमे वेगळी आहेत.

वॉरंट नसताना पोलीस घरात शिरू शकतात का?

काही वेळा, हो. सिनेमा पाहून लोकांचा समज झालाय की वॉरंट नाही म्हणजे दार लावून घ्यायचे. तसे नाही.

न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ खाली झडतीचे वॉरंट देते. पण तपास चालू असताना, एखादी वस्तू त्या जागी आहे असे मानायला सबळ कारण असेल आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल असे तपासी अधिकाऱ्याचे मत असेल, तर तो कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. बदल्यात कायदा त्याच्याकडून लेखी हिशेब मागतो. झडतीआधी कारणे नोंदवायची, काय शोधतोय ते शक्य तितके लिहायचे, आणि या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. घरमालकाने अर्ज केला तर त्यालाही त्या प्रती फुकट मिळतात. हा अर्ज कुणी करत नाही. तुम्ही करा. एका पानाचा असतो आणि पुढे वर्षभर उपयोगी पडतो.

आरोपी घरात लपला आहे असे वाटले तर त्याला पकडण्यासाठी शिरण्याचा अधिकार वेगळा आहे, कलम ४४ चा. आणि सर्वसाधारण झडतीला रात्र-दिवसाचे बंधन संहितेत नाही. महिलेच्या अटकेला आहे: सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानेच, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन.

दारात पोलीस उभे आहेत. त्या क्षणी मी काय करू?

अडवू नका, ढकलाढकली करू नका. गणवेश आणि नावाची पट्टी बघा, कुठल्या ठाण्याचे ते विचारा, वॉरंट असेल तर वाचायला मागा, नसेल तर गुन्हा रजिस्टर नंबर विचारा. झडती चालू असताना हजर राहण्याचा तुमचा हक्क कलम १०३ मध्ये आहे. “बाहेर थांबा” म्हणाले तर शांतपणे सांगा की मला इथेच थांबायचे आहे. आत येणाऱ्या पोलिसांची आणि पंचांची अंगझडती आधी तुम्हाला देऊ करण्याची चांगली पद्धत आपल्याकडे आहे आणि पंचनाम्यात तसे लिहिलेलेही असते. ती प्रत्यक्षात द्यायला सांगा.

शेवटी यादीची प्रत घेतल्याशिवाय त्यांना निरोप देऊ नका. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. “एक मोबाइल” असे नको. कंपनी, रंग, आयएमईआय क्रमांक, सिम कुणाच्या नावाचे, हे सगळे हवे. लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह असेल तर त्याची हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. हा त्या उपकरणातल्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा समजा. नंतर एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता ही हॅश लिहावीच लागते.

पंच कोण असावेत? मला पंच व्हायला बोलावले तर नाही म्हणता येते का?

त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. ते मिळत नसतील किंवा तयार नसतील तर दुसऱ्या वस्तीतले. प्रत्येक पंचनाम्यात तीच दोन नावे दिसली की आम्ही उलटतपासणीत तिथेच बोट ठेवतो.

लेखी आदेश देऊन बोलावले आणि योग्य कारण नसताना नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. पण माझे म्हणणे वेगळे आहे. भानगड नको म्हणून सज्जन माणसे पंच व्हायला कचरतात आणि मग ठाण्याच्या बाहेर चहा पिणारे कायमचे पंच होतात. जा, उघड्या डोळ्यांनी बघा, जे दिसले तेवढ्यावरच सही करा. कोऱ्या कागदावर कधीही करू नका.

झडतीचा व्हिडिओ काढणे पोलिसांना सक्तीचे आहे का?

हो. कलम १०५ नुसार झडती, जप्ती, यादी करणे आणि सह्या घेणे या सगळ्याचे दृक्-श्राव्य चित्रण करायचे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. २०२४ च्या बदलांतला हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आजवर दोन पंचांच्या स्मरणशक्तीवर खटले चालत होते. तुमच्या घरी झडती झाली असेल तर हे चित्रण कोर्टात आले आहे का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

महिलेची अंगझडती कोण घेणार?

महिलाच, आणि शालीनता काटेकोरपणे सांभाळून. याला अपवाद नाही.

अमली पदार्थांच्या केसमध्ये ‘राजपत्रित अधिकारी’ का लागतो?

अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ५० सांगते की अंगझडतीआधी माणसाला त्याचा हक्क सांगायचा: तुझी झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर हवी आहे का? हक्क सांगितलाच नाही तर केस ढिली पडते. पण हा हक्क देहापुरता. हातातल्या बॅगेला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा स्पष्ट केले आहे.

नाकाबंदीत पोलिसाने माझा मोबाइल मागून व्हॉट्सॲप उघडले. चालते का?

लायसन्स आणि गाडीची कागदपत्रे मागण्याचा अधिकार आहे. डिजिलॉकरमधली प्रत चालते. तपासात मोबाइल लागत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागता येतो, कलम १०६ खाली जप्त करता येतो. दोन्हींत कागद तयार होतो. पण रस्त्यात उभ्या माणसाचा फोन घेऊन चॅट चाळण्याचा वेगळा अधिकार कुठल्या कलमात लिहिलेला नाही. नम्रपणे विचारा, “साहेब, जप्त करताय का? मग पावती द्या.” बऱ्याचदा तिथेच फोन परत मिळतो.

पासवर्ड सांगावाच लागतो का?

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. मुंबई राज्याच्याच काठी कालू ओघड खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी बोटाचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना देणे यांना ‘साक्ष’ मानले नाही. पासवर्ड हा मनात असतो, ठसा अंगावर असतो, त्यामुळे तोच न्याय पासवर्डला लावायचा का यावर उच्च न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. वकिलाशी बोलल्याशिवाय सांगू नका, आणि घाबरून डेटा पुसून टाकू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे.

झडतीच बेकायदा होती. मग सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होते ना?

इथे मला पक्षकारांची निराशा करावी लागते. आपल्याकडे तसे आपोआप होत नाही. पूरणमल प्रकरणात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुरावा खटल्याशी संबंधित असेल तर झडतीतल्या बेकायदेपणामुळे तो बाद होत नाही. मात्र पंच खोटे, व्हिडिओ नाही, ४८ तासांत कागद गेला नाही, मुद्देमालाचे सील जुळत नाही, अशा त्रुटी साठत गेल्या की वस्तू खरेच तिथे सापडली का, यावरच शंका येते. त्या शंकेचा फायदा आरोपीला मिळतो.

पोलीस कुणावरही पाळत ठेवू शकतात का?

सराईत गुन्हेगारांची नोंद ठेवणे, त्यांच्यावर लक्ष ठेवणे हे पोलिसांचे जुने काम आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या खरक सिंग निकालात रात्री-बेरात्री घरी जाऊन दार ठोठावण्याची उत्तर प्रदेश पोलिसांची तरतूद रद्द झाली. त्याच निकालात बहुमताने खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नव्हता. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला, पुट्टस्वामी निकालाने, नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: आरोपीने आपले गूगल लोकेशन सतत तपास यंत्रणेला दाखवत राहावे, अशी अट जामिनाला घालता येत नाही.

फोन टॅपिंग आणि सीडीआर एकच का?

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. टॅपिंग म्हणजे तुमचे बोलणे ऐकणे, संदेशाचा मजकूर मिळवणे. सीडीआर म्हणजे कुणाला, कधी, किती वेळ फोन झाला आणि कुठल्या टॉवरवरून, याची यादी. बोलणे त्यात नसते.

टॅपिंगला आता दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. त्याआधी १८८५ चा तार कायदा होता. आदेश केंद्रात किंवा राज्यात गृह सचिवांचा. तो एका वेळी ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जात नाही. तातडीच्या वेळी खालचा वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतो, पण ७ कामकाजाच्या दिवसांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर ऐकणे बंद. ही चौकट पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालातून आली. टॅपिंगला ज्यांचे कारण लागते त्या ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन शब्दांचा अर्थ न्यायालयाने तिथे बांधून दिला: लोकांवर एकदम आलेली, ताबडतोब हालचाल करायला लावणारी परिस्थिती, किंवा सर्वसामान्यांच्या जीविताला धोका. कुणीही पाहिले तर दिसेल अशी, बंद फायलीत लपलेली नव्हे. हाच धागा धरून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात लाचेच्या तपासासाठी दिलेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. लाच हा गंभीर गुन्हा आहेच, पण त्याने सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येत नाही. मी तो निकाल सुटा छापून टेबलाच्या खणात ठेवला आहे.

सीडीआर पोलीस वरिष्ठांमार्फत कंपनीकडून लेखी मागवतात. खासगी गुप्तहेराकडून नवऱ्याचा किंवा बायकोचा सीडीआर विकत घेणे हा गुन्हा आहे. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये असे सीडीआर विकणाऱ्यांची साखळीच उघड केली होती.

मोक्कात नियम वेगळे आहेत का?

आहेत. मोक्का म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. १९९९ च्या या कायद्यात संभाषण ऐकण्याची स्वतःची प्रक्रिया कलम १४ मध्ये आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरवली. ‘संघटित गुन्हेगारी’ची व्याख्या मात्र बारकाईने वाचा: मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे आणि न्यायालयाने त्यांची घेतलेली दखल, ही त्यातली मुख्य अट आहे.

मी स्वतःचा कॉल रेकॉर्ड केला तर?

बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण हे टॅपिंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मलकाणी प्रकरणात म्हटले. आरोपी मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, होते. लाचेचे बोलणे तक्रारदाराच्या संमतीने टेप झाले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रणही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. मूळ फोन जपा, फाइलला नवे नाव देऊ नका, आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली, असे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे ठरले आहे.

नवऱ्याने किंवा मित्राने माझ्या फोनमध्ये लपून ॲप टाकले आहे. ही ‘पाळत’ कायद्यात येते का?

येते. न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे आणि स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधने कशी वापरते यावर पुरुषाने लक्ष ठेवणे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. ॲप लगेच काढून टाकू नका. आधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, मग ठाण्यात जा. तिथे “घरातलं प्रकरण आहे, मिटवून घ्या ताई” असे ऐकावे लागले तर कलमाचा क्रमांक लिहून द्या आणि तक्रारीची पोच मागा.

पोलीस ठाण्यात मी मोबाइलवर चित्रण केले तर ‘सरकारी गुपिते’ कायदा लावतात. बरोबर आहे का?

नाही. त्या कायद्यात ‘प्रतिबंधित स्थान’ अशी व्याख्या आहे आणि पोलीस ठाणे तिच्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगून असा एक गुन्हा रद्द केला. शिवाय ठाण्याचे स्वतःचे कॅमेरे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितले आहे. ते शक्य नसेल तिथेही वर्षापेक्षा कमी नाही. तुमच्या माणसाला मारहाण झाल्याचा संशय असेल तर तारीख, वेळ आणि खोली लिहून ते चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, एक प्रत दंडाधिकाऱ्यांकडे आणि एक पोलीस अधीक्षकांकडे.